दोनशे चाळीस खारींचं सोवळं

मिरजेहून अमेरिकेला निघताना सरलाबाई टेंब्यांच्या सामानात दोन बॅगा, एक समई आणि रामपंचायतनाची तसबीर होती. खरं सामान डोक्यात होतं, आणि ते कस्टमवाल्यांनी उघडून पाहिलं नाही. सासूबाईंनी सात वर्षं राबवून घेऊन शिकवलेलं सोवळं-ओवळं, कशाला काय शिवलं तर काय होतं, कुठलं वस्त्र कशाने बाटतं आणि कशाने शुद्ध होतं, हे सगळं त्यांनी जसंच्या तसं शिकागोजवळच्या शॉमबर्ग गावात आणून उतरवलं. ते साल एकाहत्तर.

यजमान दिगंबरराव रंगाच्या कंपनीत केमिकल इंजिनियर. माणूस देवभोळा नव्हता, पण बायकोच्या वाटेला जाण्याइतका धीटही नव्हता. आठवड्याच्या बाजारात ते ढकलगाडी धरून उभे राहायचे आणि सरलाबाई चष्मा कपाळावर सारून पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचायच्या. चारचौघांत इंग्रजी बोलायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे, पण मिठाईतलं जिलेटिन, पिठातलं लार्ड आणि चीजमधलं रेनेट, हे जनावरांतून येणाऱ्या जिनसांचे तीन शब्द त्यांना दहा फुटांवरून दिसत. एखादं लांबलचक नाव अडलं, की त्या नवऱ्याकडे वळत. हे प्राण्याचं की झाडाचं? दिगंबरराव म्हणायचे, कारखान्याचं. ते उत्तर बाईंनी कधी ग्राह्य धरलं नाही. पाकीट फळीवर परत जाई.

तिथल्या मराठी मंडळात साठ-सत्तर कुटुंबं. पुण्याची, नागपूरची, मुंबईची, सगळी मिसळलेली. कुणी अंडं खाई, कुणी कोंबडी, कुणी 'आम्ही नाही हो' म्हणून दोन्ही खाई. पण वर्षातून एकदा, रामनवमीला, आपण शुद्ध असावं असं सगळ्यांनाच वाटे, आणि तेवढ्यापुरतं शुद्ध राहण्याचं काम त्यांनी सरलाबाईंवर सोपवून टाकलं होतं. शहात्तर सालापासून रामाचा नैवेद्य त्यांच्या घरून जायचा. सुंठवडा, शिरा, आणि कैरी मिळत नसल्यामुळे हिरव्या सफरचंदाचं पन्हं. रेशमी मुगटा नेसून त्या पहाटे चारला चुलीला, म्हणजे विजेच्या शेगडीला, हात लावायच्या. दुपारी बाराला राम जन्मला की शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये त्या स्वतः नैवेद्य दाखवायच्या. त्या पाच मिनिटांवर त्यांचं वर्ष उभं असे.

हे काम त्यांच्याकडून एकदाच जायची वेळ आली होती. एक्याऐंशी साली नंदा रिसबूड नावाची नवी मुलगी पुढे झाली. नागपूरची, हौशी, सरलाबाईंहून दहा वर्षांनी लहान. ताई, या वर्षी करंज्या मी करते, म्हणाली. सुरेख झाल्या होत्या करंज्या, पापुद्रे सुटलेल्या. नैवेद्य दाखवून झाला, मुलांच्या हातावर एकेक पडली, आणि एवढी खुसखुशीत पारी हिला जमली कशी, हा प्रश्न सरलाबाईंना काही स्वस्थ बसू देईना. नव्या घराचा आहेर पोचवायचं निमित्त करून त्या जेवणाआधीच नंदाच्या घरी गेल्या, तिच्या नवऱ्याने दार उघडल्यावर हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात शिरल्या, आणि कचऱ्याच्या डब्यातून फ्रीझरमधल्या तयार पारीचं खोकं वर काढून घेऊन हॉलवर परतल्या. सगळ्यांसमोर त्यांनी ते वाचलं. लार्ड. म्हणजे डुकराची चरबी. उरलेल्या करंज्या पिशवीत भरून बाहेर टाकल्या. मुलं रडली. ज्याच्या हातून एकदा झालं, त्याच्या हातचं पुन्हा देवाला नको, असं सरलाबाई त्या दिवशी म्हणाल्या, आणि मंडळाने ते घटनेतल्या कलमासारखं पाळलं. तेव्हापासून नंदाकडे चपला-बूट नीट लावायचं काम आलं.

आता सांगायचं ते एका झग्याचं.

साडी नेसणाऱ्या बाईचे अमेरिकेतल्या थंडीत काय हाल होतात, ते कोट बेतणाऱ्यांना ठाऊक नसतं. त्यांनी निऱ्या पाहिलेल्या नसतात. खांद्यावर पदर, मागे अंबाडा, खाली घोळ, यावर कोट चढवला की बाई मधे फुगते आणि खाली भिजते. दिगंबररावांनी हौसेने मोहरीच्या रंगाचा नायलॉनचा पार्का आणला होता. तो घातलेल्या सरलाबाई पोत्यात उभ्या केलेल्या समईसारख्या दिसत. पाच हिवाळे त्यांनी तसे काढले. मग शहात्तरच्या शरदात, शेजारच्या गल्लीत कुणा म्हातारीच्या पश्चात तिचं सामान गराजमध्ये मांडून विकायला काढलं होतं, तिथे त्यांना तो दिसला. काळ्या गरम कापडाचा, घोट्यापर्यंत लांब, बाह्या नसलेला घोळदार झगा. गळ्याशी आकडी. आत काळं सॅटिन आणि त्याच्याखाली गादीसारखं मऊ, जाड काहीतरी भरलेलं. पदरासकट, अंबाड्यासकट, निऱ्यांसकट बाई आत मावली. नाटकाचा पडदा गुंडाळून आणलास, असं दिगंबरराव म्हणाले, पण बाईंना ते ऐकू गेलं नाही. त्यांना पाच वर्षांत पहिल्यांदा ऊब मिळाली होती.

आणि ऊब मिळाल्यावर त्यांच्या डोक्यातलं शास्त्र चालायला लागलं. बाहेरचं कापड लोकरीचं, हे तर दिसतच होतं. आत भरलेलं त्यांनी दाबून पाहिलं, कापसासारखं ते गोळा होत नव्हतं. म्हणजे तीही लोकरच. लोकर बाटत नाही. म्हणजे ही धाबळी झाली, बिनबाह्यांची. तरी त्यांनी सासूबाईंना पत्र टाकून विचारलं. निळ्या एअरोग्रामवर उत्तर आलं की लोकरीला विटाळ नाही, धाबळी समजून वापर आणि पाय गरम ठेव. त्या दिवसापासून झगा देवघराच्या कपाटामागे वेगळ्या खुंटीवर गेला. एरवी थंडीत त्या तो घालत, पण घरी आल्यावर पाणी शिंपडून. रामनवमीला मात्र तो खास. शिकागोकडे चैत्रात वसंत येतो तो पंचांगात. बाहेर बर्फच असतो. सरलाबाई मुगटा नेसून, वर झगा पांघरून, नैवेद्याची पातेली झग्याच्या आत पोटाशी धरून गाडीत बसायच्या. कुणाचा हात लागायला नको, वारा लागायला नको. आठ रामनवम्या नैवेद्य असा गेला. हॉलच्या दारात काळा झगा दिसला की बायका आपोआप दोन्ही बाजूंना सरत. ती वाट सरलाबाईंना फार आवडे. देवाची म्हणून आवडते, अशी त्यांची समजूत होती.

पंच्याऐंशी साली, रामनवमीला आठ दिवस असताना, झग्याची कड गाडीच्या दारात अडकली आणि सॅटिन वीतभर फाटलं. आतून करडा पुंजका डोकावला. लोकर बाहेर आली, आता शिवून घ्यायला हवं. बाईंनी तो हालिनाकडे न्यायचं ठरवलं. मुलगी सुचित्रा सोळाची होती, नुकतंच लायसन्स मिळालेलं, तिने गाडी काढली. हालिना ही पोलंडची म्हातारी शिंपीण, लाँड्रीशेजारी तिचं खोलीभर दुकान. सरलाबाईंचा तिच्यावर लोभ होता, कारण ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ती शुक्रवारी मांस खात नसे आणि तसं आल्यागेल्याला सांगत असे. व्रत करावं आणि ते सांगावंही, हे बाईंना पटण्यासारखं होतं.

हालिनाने चष्मा लावला, कात्रीच्या टोकाने सॅटिनची शिवण कडेकडेने पूर्ण उसवली आणि अस्तर बाजूला सारून झगा टेबलावर पसरला. खाली लोकर नव्हती. तळहाताएवढे पांढरे शुभ्र तुकडे, प्रत्येकाला राखाडी किनार, एकाला एक लावून ओळीने बसवलेले, अंथरलेल्या पाकळ्यांसारखे. सुचित्राने तोंडावर हात घेतला.

"आई, दॅट्स फर."

हालिना मात्र हरखली होती. तिची आजी वॉर्सात असंच काम करायची. शंभर वर्षांपूर्वीचा आहे हा, ती सांगू लागली, याला तेव्हा सर्क्युलर म्हणत. त्या काळी बायकांचे घागरे कमरेमागे उशी बांधून असे फुगवलेले असायचे की अंगाबरोबरचा कोट त्यावर चढेना. म्हणून वरून टाकायचा हा घोळ. आणि त्यातला थाट असा की बाहेरून साधं काळं कापड, बाजारात कुणालाही वाटावं गरीब विधवा चाललीय. फर आतून, मऊ बाजू अंगाकडे. चालताना वाऱ्याने कड उलटली, तर ज्याला कळायचं त्याला कळावं. पुढे फॅशन गेली, थोडी कसर लागली, तेव्हा कुणीतरी वरून सॅटिन शिवून टाकलं. ही बघ, ही मशीनची शिवण नंतरची. आणि ही आतली हाताची. काय टाका आहे!

मागे उशी बांधणाऱ्या त्या बायकांची अडचण सरलाबाईंना क्षणभर आपलीच वाटली. मग त्यांनी विचारलं, कुठलं जनावर?

"स्क्विरल," हालिना म्हणाली. रशियातली. आणि फक्त पोटं. पाठी वेगळ्या विकतात.

सरलाबाई तिथल्या स्टुलावर बसल्या.

कोल्हा असता तर एक वेळ त्यांनी सोसलं असतं. ससा असता तरी. पण खार म्हणजे सेतूला वाळू वाहणारी, जिच्या पाठीवर प्रभूंनी बोटं फिरवली ती. रोज सकाळी काकबळी म्हणून त्या मागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, भाताची मूद ठेवत, आणि या गावात कावळ्याआधी खारीच येत, म्हणून त्यांना ते अधिकच पावल्यासारखं वाटे. रामाचंच माणूस येऊन जेवून जातं. आणि आठ वर्षं रामाचा नैवेद्य त्या रामाच्याच माणसांच्या पोटांवर ठेवून नेत होत्या. आडवे किती, उभे किती, ते त्यांनी बसल्या जागेवरून मोजायला सुरुवात केली. चोवीस आणि दहा. सुचित्राने न विचारता गुणाकार सांगितला. टू फॉर्टी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मूद घेऊन डेकवर गेल्या नाहीत. दिगंबररावांना पाठवलं. परत येऊन ते म्हणाले की जेवल्या, काही बोलल्या नाहीत. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते जरा गंभीर झाले आणि समजूत घालू लागले. या रशियातल्या खारी, रामाची बोटं तिथवर पोचली नसतील. शिवाय बोटं पाठीवरून फिरली होती, आणि आपल्याकडे आहेत ती पोटं.

त्यांनी शेवटी चारुदत्त गुरुजींना फोन लावला. चारुदत्त पाध्ये आठवडाभर विजेच्या मोटारींचे आराखडे काढत आणि शनिवार-रविवारी सत्यनारायण सांगत. दोन्ही कामांत त्यांचा हात तोलून चाले. सरलाबाईंनी विचारलं, एका बाईने न कळत दोनशे चाळीस खारींच्या कातड्याच्या वस्त्रात नैवेद्य वाहिला, तर काय? गुरुजींनी पुस्तक काढलं. कृष्णाजिन शुद्ध, व्याघ्राजिनही शुद्ध. खारीचं कुठे लिहिलेलं दिसत नाही. न लिहिलेलं मना आहे असं नाही, चालतं असंही नाही. प्रायश्चित्त घ्यावं आणि तूर्त नैवेद्याला शिवू नये. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"रिसबूडबाईंचं का हो?"

एक 'नाही' म्हटलं की संपलं होतं. पण नाही म्हटलं की मग कुणाचं, हा प्रश्न आला असता, आणि रामनवमीचा शनिवार पाच दिवसांवर होता.

"मी कुणाचं नाव घेणार नाही," त्या म्हणाल्या.

यात एकही शब्द खोटा नव्हता. फोन ठेवल्यावर त्यांनी तो पुन्हा पुन्हा तपासून पाहिला आणि प्रत्येक वेळी खराच निघाला. त्याने त्यांना बरं काही वाटलं नाही.

गुरुजींनीही कुणाचं नाव घेतलं नाही. त्यांनी ते आपल्या बायकोसमोर घेतलं नाही, आणि तिने मंडळाच्या सेक्रेटरी नीला दामल्यांसमोर घेतलं नाही. बुधवारी नीलाचा फोन आला. ऐकलंत का सरलाताई, नंदाने म्हणे खारीच्या कातड्याचा कोट घेतलाय. चरबीनंतर आता कातडी. दोन खारींचा असता तर गोष्ट वेगळी, असंही नीला म्हणाली, म्हणजे कशी वेगळी ते तिलाही सांगता आलं नसतं. कोण म्हणालं, असं सरलाबाईंनी विचारलं. सगळेच म्हणतायत, उत्तर आलं. या वर्षी तिने न आलेलं बरं, असं ठरत होतं. उल्हासला, म्हणजे नंदाच्या नवऱ्याला, कुणीतरी हळूच सांगायचं होतं.

गुरुवारी नंदाचाच फोन आला. चार वर्षांत पहिल्यांदा. आवाज रडून झाल्यावरचा होता.

"ताई, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. माझ्याकडे असा कोट कुठे आहे? माझं घर तुम्ही पाहिलंय, कचऱ्याच्या डब्यासकट."

ती टोमणा मारत होती की नुसती खरं बोलत होती, हे सरलाबाईंना कळलं नाही. हॉलच्या दारात बूट लावायचं काम मिळालं तेही मी केलं, ती म्हणाली, पण आता येऊच नको म्हणतात, आणि पोरांना काय सांगू? शनिवारी ये, सरलाबाई म्हणाल्या. एवढंच. आणि फोन ठेवून देवापुढे जाऊन बसल्या. मागायचं काय ते मात्र ठरेना. नंदाचं नाव निघू दे म्हणावं, तर आपलं येतं. आपलं झाकलेलं राहू दे म्हणावं, तर असलं मागणं रामापुढे ठेवायचं तरी कसं? तासभर बसून त्या काहीच न मागता उठल्या.

दिगंबरराव म्हणाले, मंडळाला काय करायचंय कळून? झगा कपाटात ठेव, नंदाचं चार दिवसांत विसरतील. सुचित्रा दारात उभी राहून ऐकत होती. ती मराठीत सहसा बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. "विसरणार नाहीत, बाबा. तिचं ते पाय क्रस्ट अजून कुणी विसरलं नाही."

शनिवारी पहाटे चारला सरलाबाईंनी नेहमीसारखं स्नान केलं, मुगटा नेसला, सुंठवडा कुटला, शिरा केला, पन्हं केलं. नियमाने करायला नको होतं. पण बाराचं बाराला पाहू, असं म्हणत त्यांचे हात चालत राहिले. सवयीला शास्त्र लागत नाही. बाहेर ओला बर्फ पडत होता. पातेली त्यांनी दिगंबररावांच्या मांडीवर दिली, स्वतः मोहरी रंगाचा पार्का चढवला, आणि झगा कागदी पिशवीत घालून पायाशी घेतला. गाडी सुचित्राने चालवली.

हॉलच्या दारात त्यांना पार्क्यात पाहून बायका बाजूला सरायच्या विसरल्या. उलट दोघीतिघींनी खांद्याला हात लावून विचारलं, बरं नाही का? नंदा दाराशी बूट लावत होती, मान खाली घालून. तिच्या आजूबाजूला चार हात जागा मोकळी होती.

पावणेबाराला पाळणा सजला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि नैवेद्य आणा म्हणाले. सरलाबाई उठल्या त्या पिशवी घेऊन. त्यांनी झगा काढला आणि सतरंजीवर उलटा पसरला. हालिनाने सॅटिन पूर्ण काढून टाकलं होतं. पांढऱ्या पोटांच्या चोवीस ओळी ट्यूबलाइटखाली चकाकल्या.

"नंदाकडे असला कोट नाही," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला. "हा माझा आहे. खारीचा. आठ वर्षं नैवेद्य यात आणला. मला ठाऊक नव्हतं. आठ दिवसांपूर्वी कळलं. कळल्यावर गुरुजींनी मला विचारलं, नंदाचं का, तर मी नाही म्हटलं नाही."

एवढं बोलून त्या थांबल्या. आता काय होईल, याची त्यांनी पाच दिवस तयारी केली होती. कुणी ओरडेल, कुणी उठून जाईल, कुणी जुन्या प्रसादाचा हिशोब मागेल. जे झालं त्याची तयारी त्यांच्याकडे नव्हती. नीला दामले पुढे वाकली आणि तिने फरवरून हात फिरवला. अय्या, किती मऊ आहे, ती म्हणाली. मग दुसरीने फिरवला. तिसरीने विचारलं की असे अजून मिळतात का, साडीवर छान बसेल. मागून कुणीतरी पुरुष म्हणाला की अहो काकू, कशाला मनाला लावून घेता, आपण काय एवढं पाळतो का. गुरुजी म्हणाले, शास्त्रात सोय आहे, दोन आचमनं जास्त करा, बारा वाजत आले. सगळे इतक्या चटकन समजूतदार झाले की सरलाबाईंना आपल्या पायाखालची सतरंजी कुणी ओढल्यासारखं वाटलं. चौदा वर्षं त्या ज्यांच्यासाठी पाकिटं वाचत होत्या, त्यांच्यातल्या एकालाही ते लागत नव्हतं.

"चालणार नाही," दाराकडून आवाज आला.

नंदा होती. हातात कुणाचा तरी ओला बूट.

"ज्याच्या हातून एकदा झालं, त्याच्या हातचं देवाला नको, असं ताईंनीच ठरवलंय. माझ्या करंज्या टाकल्या तेव्हा पोरं रडत होती. तेव्हा सोय नव्हती शास्त्रात. आता कुठून आली?"

फरवरचे हात मागे गेले. तेव्हा सरलाबाईंना एक विचित्र गोष्ट कळली. एवढ्या माणसांत त्यांचा नियम खरा मानणारी एकच बाई होती, आणि तिलाच त्यांनी बुटांपाशी बसवलं होतं.

"बरोबर बोलते ती," सरलाबाई म्हणाल्या. "हा नैवेद्य रामाला नाही. जेवणात वाढा."

मग कुणी दाखवायचा? गुरुजींनी सभेकडे पाहिलं. ज्यांच्या घरी आजवर असं काही झालं नाही अशा कुणीही पुढे यावं, ते म्हणाले. प्रत्येक बाईला आपापलं स्वयंपाकघर आठवलं असावं. कुणाला मुलांचे मार्शमेलो, कुणाला पिझ्झ्यावरचं चीज, कुणाला नुसताच फ्रीजचा खालचा कप्पा. नजरा सतरंजीच्या नक्षीत गेल्या. भिंतीवरच्या शाळेच्या घड्याळात बाराला सात मिनिटं होती.

"नंदा, तू दाखव," सरलाबाई म्हणाल्या.

"मी? माझ्याही हातून झालंय ना, ताई."

"तुझी चार वर्षं भरली. माझं आज सुरू झालं."

नंदाने बूट खाली ठेवला. हात धुवायला गेली ती बराच वेळ परत येईना, तेव्हा उल्हास तिला बघायला गेला. ती आली तेव्हा डोळे लाल होते पण पदर नीट खोचलेला होता. दाखवायला काहीच नव्हतं. मग चहाच्या टेबलावरून साखर आली. नीलाने वाटीत ओतली, वर कुणाच्या तरी कुंडीतलं तुळशीचं पान ठेवलं. काही कारखान्यांत साखर पांढरी करताना ती हाडांच्या कोळशातून गाळतात, हे दिगंबररावांना धंद्यामुळे ठाऊक होतं. डबा कुठल्या कारखान्याचा आहे ते पाहायला त्यांनी अर्धी मान वळवली, मग बायकोकडे पाहिलं, आणि पुन्हा समोर बघत बसले.

नंदा वाटीपुढे बसली. पळीतलं पाणी वाटीभोवती फिरवायची वेळ आली तेव्हा ती अडखळली. तिसऱ्या रांगेतून सरलाबाईंच्या तोंडून निघून गेलं, उजवीकडून. अगदी हळू, पण निघालं. नंदाने ऐकलं. मान न वळवता तिने पळी पुन्हा भरली आणि तिला आठवत होतं तसंच फिरवलं. सरलाबाईंनी ओठ मिटले.

बारा वाजले. शंख फुंकायचा होता तो कुणालाच फुंकता येत नव्हता, म्हणून नेहमीप्रमाणे टाळ्या वाजल्या आणि बायका पाळणा म्हणू लागल्या. गेली नऊ वर्षं या वेळी सरलाबाईंची नजर पातेल्यांवर असे. कुठलं पोर हात घालतंय, कुणाचा पदर लागतोय. आज राखायला काही नव्हतं. पार्क्याचा नायलॉन काखेत कुरकुरत होता आणि मोजे भिजून पाय गार पडले होते. त्यांनी डोळे मिटले आणि इतरांच्या मागून, एक ओळ उशिराने, पाळणा म्हणायला लागल्या.